निवाडा जिवंत आहे कीं नाहीं?

गेल्या महिन्याच्या टपालांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. तिच्या वडिलांस जाऊन पंचवीसांवर वर्षें झालीं. मागें वडिलोपार्जित वाडा, थोडी बागायत, तीन भाऊ आणि ही एक बहीण. वांटणी आजवर झालेली नाहीं. आतां वाडा बांधकामास द्यावयाचा ठरला असून बहिणीनें हक्कसोडपत्रावर सही करावी असा घरांतून आग्रह चालला आहे. ‘माझाही कांहीं वांटा असेल ना?’ असें तिनें भीत भीत विचारतांच धाकट्या भावाच्या चिरंजीवांनीं, जे स्थापत्यशास्त्राचे पदवीधर आहेत, मोबाइलवर दहा मिनिटांत सर्वोच्च न्यायालयाचा एक निवाडा शोधून काढला, त्याची छापील प्रत आत्याबाईंच्या हातीं दिली आणि त्यांतील एका वाक्याखालीं तांबडी रेघही ओढून ठेविली. त्या वाक्याचा मथितार्थ असा कीं, २००५ सालच्या दुरुस्तीनें मुलींस वडिलोपार्जित मिळकतींत जो हक्क दिला, त्याचा लाभ व्हावयाचा तर ९ सप्टेंबर २००५ या दिवशीं मुलगी आणि वडील दोघेंही हयात असलीं पाहिजेत. वडील तर त्यापूर्वींच गेलेले. पत्राच्या शेवटीं ही भगिनी विचारते, ‘प्रत्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचा शब्द समोर असतां आतां बोलावयास जागा ती कोठें?’

जागा आहे, आणि ती पुरेशी आहे. त्या कागदावरील एकही अक्षर खोटें नाहीं. ‘प्रकाश विरुद्ध फुलावती’ या नांवाचा तो निवाडा दोन न्यायमूर्तींच्या पीठानें १६ ऑक्टोबर २०१५ रोजीं दिला आणि त्यांत तें वाक्य अगदीं तसेंच आहे. परंतु पुढें काय झालें हें त्या कागदावर लिहिलेलें नाहीं. १ फेब्रुवारी २०१८ रोजीं ‘दानम्मा विरुद्ध अमर’ या खटल्यांत दोनच न्यायमूर्तींच्या दुसऱ्या एका पीठानें, वडील २००१ सालीं वारलेले असतांही, मुलींस वांटा दिला. सारख्याच बळाचीं दोन पीठें दोन दिशांस तोंड करून उभीं राहिलेलीं पाहून खालचीं न्यायालयें बुचकळ्यांत पडलीं. अखेर तीन न्यायमूर्तींच्या पीठानें ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ या खटल्यांत ११ ऑगस्ट २०२० रोजीं सांगून टाकलें कीं, मुलगी मुलाप्रमाणेंच जन्मतः सहदायाद होते, ९ सप्टेंबर २००५ रोजीं वडील हयात असण्याची कांहीं आवश्यकता नाहीं, आणि फुलावतीच्या खटल्यांत घातलेली ती अट मान्य नाहीं. म्हणजे चिरंजीवांनीं आत्याबाईंच्या हातीं दिलेला कागद हा एका मेलेल्या निवाड्याचा होता. त्यांनीं लबाडी केली असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. त्यांस तो मेलेला आहे हें ठाऊकच नव्हतें, आणि तो कागद तरी आपण होऊन तें कसें सांगणार?

येथें दोन खुलासे अवश्य आहेत. २० डिसेंबर २००४ पूर्वीं नोंदलेल्या दस्तानें अथवा न्यायालयाच्या हुकुमनाम्यानें ज्या वांटण्या होऊन चुकल्या त्या या कायद्यानें पुन्हां उकरतां येत नाहींत. आणि ही सारी चर्चा वडिलोपार्जित सामाईक मिळकतीपुरती आहे, वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीचा मार्ग निराळा आहे. शिवाय महाराष्ट्रांत २२ जून १९९४ पासूनच राज्याच्या दुरुस्तीनें मुलींस हा हक्क आलेला होता, मात्र त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुली त्यांतून वगळलेल्या होत्या. पत्र लिहिणाऱ्या भगिनीचें लग्न त्याच्या आधींचें असल्यानें तिला २००५ च्या कायद्याकडेच पाहावें लागतें. सही तूर्त करूं नये व आपल्या वकिलास भेटावें, असें आम्हीं तिला निराळ्या पत्रानें कळविलें आहेच. या पानांत आम्हांस बोलावयाचें आहे तें त्या मेलेल्या कागदाविषयीं. कारण असे कागद आतां घरोघर हिंडूं लागले आहेत.

कायदेमंडळानें केलेला कायदा रद्द होतो तेव्हां राजपत्रांत त्याची द्वाही फिरते. निवाड्याचें तसें नाहीं. पन्नास वर्षांपूर्वींचा निवाडा नव्या निवाड्यानें मोडला, तरी जुन्या पुस्तकाचें पान कोणी फाडीत नाहीं कीं त्यावर काट मारीत नाहीं. तें पान जसेंच्या तसें, तितक्याच भारदस्त शब्दांत, कपाटांत उभें असतें. राज्यघटनेच्या १४१ व्या अनुच्छेदानें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलेला कायदा देशांतील सर्व न्यायालयांस बंधनकारक आहे, हें खरें. परंतु त्यांतील आजचा शब्द कोणता आणि कालचा कोणता, हें शोधणें ही स्वतंत्र विद्या आहे. वकिलीचा निम्मा धंदा तरी हाच होय, असें म्हटल्यास वकीलमंडळी रागावणार नाहींत.

ज्यांच्या आजोळीं किंवा सासरीं वकिली होती, त्यांना ती भिंतभर कपाटें आठवत असतील. १८७५ च्या कायद्यान्वयें निघूं लागलेले ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’चे मुंबई शाखेचे खंड, १८९९ पासूनचा ‘बाँबे लॉ रिपोर्टर’, आणि १९१४ पासून आपल्या नागपुराहून निघणारा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’, ज्याला सारा देश ‘ए. आय. आर.’ म्हणून ओळखतो. लखनौचें ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ त्या मानानें धाकटें, तें १९६९ चें. या कपाटांची खरी किंमत त्या खंडांत नसून त्यांच्या समासांत असे. थोरल्या वकिलांच्या हाताखालीं उमेदवारी करणारा तरुण नवा अंक आला कीं जुना खंड काढी आणि समासांत पेन्सिलीनें लिही, ‘हा अमुक सालीं फिरविला’. हें काम कंटाळवाणें, बिनपैशांचें; पण ज्या कचेरींत तें चुकलें तेथें पक्षकाराचें घर जाई.

अमेरिकेंत हीच पेन्सिल एका माणसानें धंद्यास लाविली. इलिनॉय संस्थानांतील फ्रँक शेपर्ड या गृहस्थानें १८७३ पासून डिंक लावलेल्या चिठ्ठ्या छापून विकावयास सुरुवात केली. वकिलानें त्या आपल्या पुस्तकांच्या समासांत चिकटवाव्यात, म्हणजे कोणत्या निवाड्याचें पुढें काय झालें तें कळावें. चिठ्ठ्यांच्या जागीं पुढें जाड खंड आले, आणि शेपर्डचें नांव तिकडच्या वकिलांच्या भाषेंत क्रियापद होऊन बसलें. निवाडा ‘शेपर्डून’ पाहिल्यावांचून न्यायालयापुढें उभें राहणें हा तेथें आजही गलथानपणा समजला जातो.

संगणकाचा या कामांत प्रवेश झाला तो एका विद्यापीठांतून, आणि त्याची हकीगत मोठी मौजेची आहे. १९६० च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया संस्थानच्या विधिमंडळास आपल्या साऱ्या कायद्यांतून मतिमंद मुलांविषयींचा एक अप्रतिष्ठित वाटणारा शब्दप्रयोग काढून त्याच्या जागीं सौम्य शब्द घालावयाचा होता. प्रथम हें काम कायद्याच्या विद्यार्थ्यांस दिलें; त्यांनीं सर्व कायदे वाचून काढले, तरी चुका राहिल्या. दुसऱ्यांदा वाचले, तरीही राहिल्या. तेव्हां पिट्सबर्ग विद्यापीठांतील जॉन हॉर्टी यांनीं ते कायदे जसेच्या तसे, शब्द न् शब्द, यंत्रांत भरले आणि तो शब्द कोठें कोठें आहे तें यंत्रासच विचारलें. माणसाचा डोळा चुकतो तेथें यंत्राचा चुकत नाहीं, असें त्या दिवशीं सर्वांस वाटलें. तें कितपत खरें, याकडे आम्ही पुढें येऊं.

त्यानंतर ओहायो संस्थानच्या वकीलसंघानें पुढाकार घेतला व त्या खटपटींतून १९७३ सालीं ‘लेक्सिस’ हा निर्णयसंग्रह बाजारांत आला. निवाड्यांचीं पुस्तकें छापण्यांत पिढ्यान् पिढ्या मुरलेल्या वेस्ट कंपनीनें दोन वर्षांनीं, १९७५ सालीं, ‘वेस्टलॉ’ काढला. गंमत अशी कीं, लेक्सिसवाले म्हणत, निवाड्याचा मूळ शब्दच महत्त्वाचा, मध्यें कोणा संपादकाची लुडबुड नको. आणि वेस्टवाले प्रथम केवळ संपादकांनीं लिहिलेले सारांशच यंत्रांत भरून बसले होते! पुढें दोघांनींही एकमेकांचें घेतलें. आज लेक्सिसवर मोडलेल्या निवाड्याच्या माथ्यावर तांबडी खूण दिसते, वेस्टलॉवर तांबडें निशाण दिसतें. शेपर्डची चिठ्ठीच ती, केवळ डिंक गेला.

आपल्याकडे हें युग आलें तें या शतकाच्या आरंभीं. मनुपत्र, एस. सी. सी. ऑनलाइन, नागपूरच्या ए. आय. आर. ची ऑनलाइन आवृत्ति हे आतां वकिलांच्या नित्य परिचयाचे झाले आहेत. त्यांत निवाडा उघडला कीं त्याचा सारांश, त्यांत आधार घेतलेले जुने निवाडे आणि नंतरच्या निवाड्यांनीं त्यास कसें वागविलें त्याची नोंद, हें सर्व एके ठिकाणीं मिळतें. वर सांगितलेला फुलावतीचा निवाडा तेथें पाहिला असता, तर २०२० सालीं त्याची काय गत झाली तें पहिल्या नजरेसच कळतें. पण हे संग्रह फुकट नाहींत, आणि एकट्यादुकट्या गृहस्थानें वर्गणी भरावी इतके स्वस्तही नाहींत. म्हणूनच आम्ही वाचकांचें लक्ष विधिमहाविद्यालयांच्या व विद्यापीठांच्या ग्रंथालयांकडे वेधूं इच्छितों.

मुंबईचें शासकीय विधिमहाविद्यालय १८५५ चें आणि पुण्याचें आय. एल. एस. विधिमहाविद्यालय १९२४ चें. शिवाय मुंबई, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथें राष्ट्रीय विधि विद्यापीठें झालीं आहेत. अशा संस्था सर्व विद्यार्थ्यांच्या वतीनें एकत्र वर्गणी भरून हे संग्रह घेतात. त्यांत देशी संग्रहांबरोबर कित्येक ठिकाणीं वेस्टलॉ, लेक्सिस आणि न्यूयॉर्क संस्थानांतील बफेलो येथून २००० सालापासून चालणारा ‘हाइनऑनलाइन’ हेही असतात. या शेवटच्याचें वैशिष्ट्य असें कीं, जुन्या विधिविषयक नियतकालिकांचीं पानें तो हुबेहूब छायाचित्र घेतल्याप्रमाणें दाखवितो. पृष्ठांक, तळटीपा, मुद्रणदोष सर्वांसकट. संस्थेच्या आवारांतील यंत्रावर हे संग्रह आपोआप उघडतात; बाहेरून पाहावयाचें तर संस्थेनें दिलेलें नांव व पासवर्ड लागतो.

आतां एक नाजुक गोष्ट. एकत्र कुटुंबांत छत्री सर्वांची असते, वर्तमानपत्र सर्वांचें असतें, आजीबाईंच्या अमृतांजनाची बाटली तर साऱ्या आळीची असते. त्यामुळें सूनबाई विधिमहाविद्यालयांत शिकत असली कीं तिचा पासवर्डही घरचाच असें मामंजींपासून भाचरांपर्यंत सर्वांस वाटूं लागतें. तें तसें नाहीं. करारान्वयें हा परवाना विद्यार्थ्यास अभ्यासापुरता दिलेला असतो. तो दुसऱ्यास वापरावयास देणें किंवा त्यावर कोणा पक्षकाराचें काम करणें हा कराराचा भंग होय. कोणी हौसेनें एका रात्रींत शेंकडों निवाडे उतरवून घेऊं लागला, तर संग्रहाचा मालक साऱ्या संस्थेचेंच दार बंद करूं शकतो, आणि मग परीक्षेच्या तोंडावर इतर मुलांचे हाल होतात. सूनबाईनें नकार दिला तर तो तिचा उद्धटपणा समजूं नये. सरळ मार्ग हा कीं, ग्रंथपालांस अर्ज करून एखाद्या दिवसापुरती वाचनाची परवानगी मिळते काय तें विचारावें. कित्येक ग्रंथालयें ती देतात, कित्येक देत नाहींत. ग्रंथपाल निवाडा शोधून देतील. त्याचा अर्थ मात्र सांगणार नाहींत, आणि तसा आग्रह त्यांस करूंही नये.

येथें चौकस वाचक विचारील कीं, निवाडा न्यायाधीशानें लिहिला, न्यायाधीशास वेतन आमच्या करांतून मिळालें, मग त्याच निवाड्याकरितां पैसे कां मोजावे? हा प्रश्न प्रत्यक्ष सर्वोच्च न्यायालयापुढें गेला होता. लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीनें, आपल्या छापील निवाड्यांवरून नक्कल करून कांहीं मंडळींनीं तबकड्या काढल्या अशी तक्रार केली. ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या नांवानें तो खटला प्रसिद्ध असून त्याचा निकाल १२ डिसेंबर २००७ रोजीं लागला. न्यायालयानें सांगितलें कीं, निवाड्याचा मूळ मजकूर सर्वांचा आहे, तो कोणीही छापावा. परंतु संपादकांनीं लिहिलेले सारांश, तसेंच निवाड्याचे परिच्छेद पाडून त्यांस दिलेले अंक, कोणत्या न्यायमूर्तीचें मत सहमतीचें व कोणाचें विरोधी हें दर्शविणाऱ्या टिपा, यांत कौशल्य व विवेक आहे. तेवढ्यापुरता हक्क प्रकाशकाचा. आम्हांस हा निकाल मोठा समंजस वाटतो. विहिरीचें पाणी गांवाचें, पण पोहरा आणि दोर ज्याचा त्याचा.

आणि पाणी आतां अनेक घाटांवर फुकट मिळतें, हेंही सांगितलें पाहिजे. सुशांत सिन्हा यांनीं जानेवारी २००८ मध्यें सुरू केलेलें ‘इंडियन कानून’ हें संकेतस्थळ सर्वांस मोकळें आहे. बहुधा आपले चिरंजीव तेथेंच गेले असावेत. कोणत्या नंतरच्या निवाड्यांत या निवाड्याचा उल्लेख आला हें तेथेंही पाहतां येतें. मात्र त्या उल्लेखांपैकीं कोणता मान डोलावणारा आणि कोणता मान मुरगळणारा, हें शोधणाऱ्यानें स्वतः वाचून ठरवावें हें बरें. स्वतः सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२३ मध्यें आपले अधिकृत अहवाल ‘ई-एस. सी. आर.’ या नांवानें विनामूल्य खुले केले आणि त्याच वर्षीं प्रत्येक निवाड्यास स्वतःचा असा क्रमांक देण्यास आरंभ केला, जो कोणाही प्रकाशकाच्या खंडावर वा पानावर अवलंबून नाहीं. कित्येक निवाड्यांचे मराठी अनुवादही तेथें आहेत. घरांतील वडील माणसांनीं ते अवश्य वाचावे. परंतु अनुवाद हा पक्षकारास समजावें एवढ्यासाठीं असून प्रमाण तें इंग्रजीच, अशी सूचना त्यांवर असते, ती नजरेआड करूं नये.

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या विधिग्रंथालयानें तर याहून धाडस केलें. आपल्याजवळचे सुमारें चाळीस हजार खंड, म्हणजे चार कोटि पानें, यंत्रास वाचावयास द्यावयाचीं. पण शिवलेलें पुस्तक यंत्रांतून भराभर जात नाहीं. तेव्हां त्या खंडांचे कणे पात्याखालीं धरून छाटले, सुटीं पानें वाचून घेतलीं, आणि मग तीं हवाबंद करून केंटकी संस्थानांतील चुनखडीच्या एका खाणींत ठेवून दिलीं. हें वाचतांना आमच्या काळजांत चर्र झालें, हें कबूल केलें पाहिजे. आमच्या पिढीला पुस्तकास पाय लागला तरी नमस्कार करावयाची संवय. पण २०१८ सालीं तो संग्रह लोकांपुढें आला आणि त्यावरील उरलीसुरलीं बंधनें २०२४ सालीं उठलीं, तेव्हां सत्तर लाखांच्या घरांतील निवाडे कोणासही घरबसल्या वाचतां येऊं लागले. छाटलेले कणे त्या मानानें स्वस्त पडले, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां शोधण्याच्या कलेविषयीं. यंत्राचा डोळा चुकत नाहीं असें वर म्हटलें, तें एवढ्याच अर्थानें कीं, तुम्ही जो शब्द द्याल तो तें चुकवीत नाहीं. पण तुम्ही दिलेला शब्दच मुळीं चुकीचा असेल तर? डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या दोन संशोधकांनीं १९८५ सालीं एका मोठ्या दाव्यांतील सुमारें चाळीस हजार कागदपत्रांवर याचा प्रयोग करून पाहिला. वकिलांची खात्री होती कीं, आपणांस हवे असलेल्यांपैकीं पाऊणशें टक्के कागद तरी सांपडले. प्रत्यक्षांत मोजतां सांपडले होते ते वीस टक्के! तो दावा एका अपघाताविषयीं होता. पण ज्यांच्यावर ठपका येणार त्या मंडळींनीं आपल्या पत्रांतून ‘अपघात’ हा शब्दच टाळला होता. ते ‘ती घटना’, ‘तो दुर्दैवी प्रसंग’ असेंच लिहीत. माणूस ज्या गोष्टीस भितो तिचें नांव घेत नाहीं, हें यंत्रास कोण शिकविणार?

आपल्याकडे ही अडचण दुप्पट आहे. ‘मुलीचा वांटा’ हे शब्द घालून शोधणारास फारसें कांहीं हातीं लागणार नाहीं. न्यायाधीश लिहितात ‘सहदायाद’, ‘स्त्री वारस’, ‘कल्पित वांटणी’. आणि आपलीं नांवें इंग्रजींत लिहितांना तर प्रत्येकाचा मार्ग निराळा. याचें उत्तम उदाहरण रखमाबाईंचें. बालपणीं झालेलें लग्न मान्य न करतां नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचें नाकारणाऱ्या या बाईंवर दादाजी भिकाजी यांनीं मुंबई उच्च न्यायालयांत दावा लावला. तो निवाडा मुंबई मालिकेच्या नवव्या खंडांत ५२९ व्या पानावर आहे. पण त्यांत त्यांचें नांव इंग्रजींत ‘रुखमाबाई’ असें छापलें आहे. मराठी उच्चारास अनुसरून ‘रखमाबाई’ असें लिहून शोधणाऱ्या विद्यार्थिनीस तो सांपडेलच अशी खात्री नाहीं. एका स्वरानें शें-दीडशें वर्षांचा इतिहास दाराआड राहावयाचा!

या खटल्याचें नांव निघालें तर आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं दादाजींचा दावा फेटाळला. एका तरुण स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या घरीं धाडणें त्यांस रानटीपणाचें वाटलें. पुढच्याच वर्षीं अपिलांत तो निवाडा फिरला, तो दहाव्या खंडांत ३०१ व्या पानावर आहे. आणि १८८७ मध्यें, नांदावयास जा नाहींतर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम रखमाबाईंवर झाला. म्हणजे तांबडी खूण लागली ती पिन्हेसाहेबांच्या निवाड्यास. कायद्याच्या दृष्टीनें तो त्या दिवशीं मेला. रखमाबाई मात्र विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या, आणि आज कोणी या खटल्याचें प्रकरण वाचावयास काढतो तें त्या मेलेल्या निवाड्यासाठींच. तेव्हां तांबडें निशाण म्हणजे ‘हा आज न्यायालयांत चालणार नाहीं’ एवढेंच. ‘हा वाचूं नका’ असा त्याचा अर्थ करूं नये.

मेलेल्या निवाड्यांपेक्षां भयंकर जात आतां निघाली आहे, ती कधीं जन्मासच न आलेल्या निवाड्यांची. ज्या कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांशीं हल्लीं मुलें गप्पा मारतात, तीं विचारलेल्या प्रश्नास पाहिजे तसा निवाडा नांव, साल, पृष्ठांकासह रचून देतात. न्यूयॉर्कमध्यें ‘माटा विरुद्ध आव्हियांका’ या विमान कंपनीवरील दाव्यांत वकिलांनीं असे सहा निवाडे न्यायालयापुढें ठेविले. प्रतिपक्षास ते कोठेंच सांपडेनात, न्यायाधीशांसही सांपडेनात, आणि जून २०२३ मध्यें त्या वकिलांस पांच हजार डॉलर दंड झाला. विकत घेतलेल्या संग्रहांतील यंत्रें तरी निर्दोष असतील असें कोणी म्हणेल. पण २०२४ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं त्यांचीही परीक्षा घेतली, तेव्हां नामांकित कंपन्यांचीं यंत्रें देखील शेंकडा १७ ते ३३ प्रश्नांस कोठें ना कोठें मनचें सांगतांना आढळलीं. जुन्या कचेरींतील उमेदवार आळस करी, पण नसलेला खंड कपाटांतून काढून दाखवीत नसे.

ग्रंथालयांत जातांना काय न्यावें, असें पुष्कळजण विचारतात. एक चिठ्ठी पुरे. तीवर दोन्ही पक्षकारांचीं नांवें इंग्रजी अक्षरांत, शक्य तितक्या पर्यायी वर्णलेखनांसह लिहावीं. न्यायालय कोणतें व निकालाची तारीख लिहावी. आणि असल्यास संदर्भ लिहावा. ‘(२०२०) ९ एस. सी. सी. १’ असें कोठें दिसलें, तर त्याचा अर्थ २०२० सालच्या ‘सुप्रीम कोर्ट केसेस’चा नववा खंड, पान पहिलें; विनीता शर्मांचा निवाडा तो हाच. फुलावतीचा ‘(२०१६) २ एस. सी. सी. ३६’. पीठ किती न्यायमूर्तींचें होतें हें मुद्दाम पाहावें, कारण तिघांपुढें दोघांचें चालत नाहीं. आणि ग्रंथपालांस प्रथम निवाडा मागूं नये, त्याच्या नंतरचा इतिहास मागावा. तो वाचून मग मूळ निवाडा वाचण्याचे श्रम घ्यावे कीं नाहीं तें ठरतें.

मृत्युपत्राच्या साक्षीदारांविषयीं तीन वाचकांचीं पत्रें आलेलीं आहेत. त्यांचा विचार पुढील अंकीं करूं.